पत्रिकेतली एक ओळ

ये गं, जवळ बस. दारात उभं राहून चहा प्यायची ही कसली रीत? सगळीकडं जायला तुला वेळ असतो, आत्याकडं यायचं म्हटलं की तुझी गाडी बारामतीच्या पुढं सरकत न्हाय. तुझ्या लग्नाची पहिली पत्रिका देवापुढं कशी गेली, ते तुझ्या बापानं सांगितलं नसणार. मी सांगते.

तेव्हा मी इंदापुरात एका छापखान्यात टायपिंग करायचे. कॉम्प्युटर एकच, बसणारे दोघं: मी आणि मालकांचा मेव्हणा. ज्यानं त्यानं आपलं नाव घालून आत जायचं. माझ्या पडद्यावर गणपती, त्याच्या पडद्यावर मोटारसायकल. मी बघून बघून शिकलेली. मला वाटायचं, आपल्या नावाच्या आत सगळं आपलंच.

तुझी पत्रिका टाइप करून तयार होती, छापायची तेवढी बाकी, पण व्याह्यांचा निरोप आला, नवरदेवाच्या आज्याचं नाव राहिलंय. रविवारी सकाळीच तुझा बाप काटेवाडीहून आला. पहिल्या पत्रिकेला कुंकू लावून ती जेजुरीला ठेवायची, मगच गावात वाटायची. कुंकवाची पुडी खिशातच होती.

मी आत गेले. गणपती जागेवर. पण एक कळ दाबली की दुसरंच अक्षर उमटायला लागलं. कुठल्या कळीवर कुठलं अक्षर, ती माझ्या सवयीची टाइपरायटरची मांडणी काढून मेव्हण्यानं आपल्या सोयीची घातली होती, ती साऱ्या मशीनलाच, आणि स्वतः गेला होता साखरपुड्याला. मी परत फिरवायला गेले, तर मशीन म्हणतंय, तुम्हाला परवानगी नाही. आपल्या रानातल्या सऱ्या आपण कशाही वळवाव्या, पण कालव्याच्या फाट्याचं दार पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याच्याच हातात, तशी गत.

"एकच तर ओळ हाय, अक्का," तुझा बाप म्हणाला.

"व्हय, पर बोटांना ही वाट ठावं न्हाय."

"म्हंजी बैल तुझा आन् कासरा मेव्हण्याकडं?"

"हस, हस!"

एकेक कळ चाचपत मी आज्याचं नाव उठवलं, पण उमटलं भलतंच. ते वाचून तो म्हणाला, "हे बघून देव ऱ्हाऊ दे, व्याह्याच्याच अंगात यील."

जेजुरीच्या एसटीची वेळ झाली. त्यानं एक कोरं कार्ड उचललं, कुंकवाचं बोट लावलं. "नावं तोंडानं सांगतो देवाला," म्हणाला आणि गेला. 

सोमवारी मेव्हण्यानं दोन कळा दाबल्या, सगळं ठीक. बाकीच्या पत्रिका छापून झाल्या. पण देवापुढं तो काय बोलला, आज्याचं नाव त्याला आठवलं का, हे विचारायचा धीर मला अजून झाला न्हाय.

तूच विचार बाई. आणि परत लवकर ये, तुझ्या बापाला बी संगं घेऊन.