घुमणारी खोली आणि उत्तमराव

उत्तमराव खिल्लारे कुठल्याही नव्या खोलीत शिरले की आधी गुणगुणायचे. गाणं नव्हे. तोंड मिटून घशातून एक जाड, लांबलचक हुंकार काढायचे आणि तो हळूहळू खाली उतरवत न्यायचे. एका ठिकाणी आला की खोलीच त्यांच्याबरोबर हुंकारायला लागायची. मग ते थांबून म्हणायचे, "घावला. परत्येक खोलीचा एक सूर असतोय, ताई. तो लागला की मानूस बाजूला राहतोय आन् खोलीच बोलायला लागती." माझ्या सासरच्यांना हा वेडेपणा वाटायचा. वेडेपणा कुणाचा होता ते आता सांगते. सांगायला मी फार उशीर केला आहे आणि त्याचा राग मला आजही येतो, त्यातला निम्मा स्वतःचाच.

ही सत्तरच्या दशकातली परभणी. माझे सासरे, मी त्यांना मामंजी म्हणायची, वकील होते. मूळचे झरीचे, शेती तिथे, वकिली इथे. रेकॉर्डी ऐकण्याचा त्यांना जबरदस्त शौक. घराच्या मागच्या अंगाला त्यांनी केवळ ऐकण्यासाठी म्हणून एक खोली बांधली. जेवढी लांब तेवढीच रुंद, उंचीलाही जवळपास तेवढीच, वर सिमेंटचा स्लॅब, खाली शहाबादी फरशी. हैदराबादहून परातीएवढा स्पीकर आणवला, सुताराकडून त्याला कपाटाएवढा खोका करवून घेतला. हौसेने पखवाजाची तबकडी लावली, तर एकेक थाप ऐकू येण्याऐवजी नुसतं घूं घूं. दोन दिवस मामंजी घरभर धुसफुसत फिरले. तिसऱ्या दिवशी त्यांनी उत्तमरावांना बोलावणं धाडलं.

उत्तमरावही झरीचेच, तिथल्या बौद्ध वस्तीतले. फौजेत बिनतारी यंत्रं दुरुस्त करण्यात पंधरा वर्षं घालवलेली, परत आल्यावर स्टेशन रोडला रेडिओदुरुस्तीचं दुकान टाकलेलं. फौजेत त्यांना हवालदारसाहेब म्हणत. आमच्या ओसरीवर मात्र हा चाळिशीचा माणूस 'उत्तम', नाहीतर सरळ 'उत्तम्या' होता. मी एकटी उत्तमराव म्हणायची, म्हणून सासूबाईंचे टोमणे खायची.

पहिल्याच दिवशी त्यांनी मामंजींची आरामखुर्ची उचलून बाहेर ठेवली, तिच्या जागी तो खोका आणून बसवला, पखवाज लावला आणि स्वतः गुडघ्यांवर टेकून भिंतीच्या कडेकडेने चक्क रांगायला लागले. चार पावलं रांगायचे, मान तिरकी करून ऐकायचे, फरशीवर खडूने खूण करायचे. मामंजी तडकले. "उत्तम, माझ्या जागेवर खोका? काय तमाशा लावलायस?"

"साहेब, तुमच्या जागी खोका बसवला की मला खोक्याची जागा घावती," रांगता रांगताच ते म्हणाले. "जिथं मला थाप साफ ऐकू येईल, तिथं खोका ठिवायचा. मग तुमाला खुर्चीत तशीच ऐकू येती. उलटं-सुलटं करून बघा, बराबर निघतंय."

आठ दिवसांच्या रांगण्यानंतर जागा सापडली आणि घुमणं निम्म्यावर आलं. उरलेलं निम्मं कोपऱ्यांत होतं. "जाड आवाज कोपऱ्यात साचतोय," ते मला समजावत. "बारीक आवाज भिंतीला आपटून मरून जातोय. जाड आवाज मरत न्हाई, त्याला गादीवर निजवावं लागतंय." त्यासाठी त्यांना भरपूर कापूस हवा होता. घरात पोती पडली होती, पण सासूबाईंनी साफ नकार दिला. मग उत्तमरावांनी सरकी काढायच्या जिनिंग गिरणीतला फेकायचा कापूस गोळा केला. त्यांच्या बायकोने, शांताबाईंनी, आपली जुनी लुगडी फाडून माणसापेक्षा उंच, दोन हातांच्या कवेत न मावणारे चार लोड शिवले. चार कोपऱ्यांत चार लोड उभे राहिले आणि मी त्या खोलीत पहिल्यांदा पखवाज ऐकला. बोट कुठलं, तळवा कुठला, सगळं वेगळं कळत होतं. मामंजींनी तर डोळेच मिटून घेतले.

उत्तमरावांना या खोलीचं एवढं का लागलं होतं, तेही सांगायला हवं. गावात तेव्हा एक नवी टॉकीज उभी राहत होती आणि तिचे शेठ मामंजींचे दोस्त होते. मामंजींनी शब्द दिला होता, "शेठला एकदा ही खोली ऐकवतो. पसंत पडली की टॉकीजच्या आवाजाचा सगळा इंतजाम तुझ्याकडे." हजार माणसांचं सभागृह! उत्तमराव दुकानात वहीवर त्याच टॉकीजच्या भिंती काढत बसलेले असायचे.

ज्या दिवशी संध्याकाळी शेठ यायचे होते, त्याच दिवशी सकाळी सासूबाईंनी नव्या खोलीत सत्यनारायण घातला. मी परातीत प्रसाद घेऊन गेले तर कोपरे मोकळे, आणि सासूबाई तिथे गोमूत्र शिंपडत होत्या. लोड गड्याकरवी गोठ्यात टाकलेले.

"देव बसणार इथं," त्या म्हणाल्या, "आणि कोपऱ्यात त्यांच्या घरची लुगडी? शिवली कुणी, ठाऊक आहे ना?"

"पण आवाज बिघडेल. मामंजींना विचारलंत का?"

"आवाज खोक्यातून येतो, कोपऱ्यातून थोडाच येतो! लोडांच्या जागी चांगले मखमली पडदे सोडते."

बघा! आठ दिवस तो माणूस फरशीवर रांगला, त्याच्या बायकोने लुगडी फाडली, आणि आमच्या शिकल्यासवरल्या घराने एवढंच शिकून घेतलं की आवाज खोक्यातून येतो. मामंजी कोर्टात गेलेले. मी संध्याकाळपर्यंत त्यांना सांगू शकले असते. नाही सांगितलं. सासूबाईंना भ्याले, दुसरं काही कारण नाही.

संध्याकाळी शेठ आले, आणखी पाच-सहा मंडळी आली. मामंजी कोर्टातून थेट पाहुण्यांबरोबरच आत शिरले. पडदे लोडांवरच शोभेसाठी सोडलेत, असं त्यांना वाटलं असावं. उत्तमराव इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले होते. दारातून सरळ यंत्रापाशी गेले आणि खाली वाकून सुई ठेवली. पखवाज सुरू झाला आणि खोली हंबरली. कपाटाच्या काचा थरथरल्या. शेठ खो खो हसले. "वकीलसाहेब, पखवाज वाजायलाय का पाण्याची टाकी?"

मामंजींचा चेहरा लाल झाला. सगळ्यांदेखत ते ओरडले, "उत्तम, यासाठी आठ दिवस रांगलास माझ्या घरात?"

उत्तमरावांनी एकेक करून चारही कोपरे पाहिले. मग दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "कोपरे रिकामे हायत, साहेब."

"कोपऱ्यांचं निमित्त सांगू नकोस! येत नाही तर येत नाही म्हणायचं. जा इथून."

त्यांनी सुई उचलली, तबकडी पुसून पाकिटात घातली आणि निघून गेले. मी पाहुण्यांना चहा दिला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या दुकानात गेले. आत कुणाचा तरी रेडिओ उघडा पडला होता. मी म्हटलं, "लोड काढून टाकलेत हे तुम्हाला कळलं असणार. मग स्पष्ट बोलला का नाहीत?"

"बोललो की, ताई. कोपरे रिकामे हायत म्हनलो. त्याच्या म्होरलं तुमच्या घरच्यानं बोलायचं व्हतं."

त्या संध्याकाळी मी मामंजींना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मुकाट्याने लोड पुन्हा लावून घेतले. देवापेक्षा त्यांना पखवाज प्रिय होता, त्यामुळे सासूबाईंचं काही चाललं नाही. आवाज पहिल्यासारखा झाला. मी म्हटलं, "आता शेठना परत बोलवा. उत्तमरावांनाही बोलवा, आणि चूक कुणाची होती ते सांगा." तर मामंजी म्हणाले, "आवाज सुधारला ना? मग खामखा लोकांत घरचं काय सांगत बसायचं?"

दुसऱ्याच्या लुगड्यांच्या लोडांमधून ऐकायचं, आणि ज्याने ते उभे केले त्याचं नाव तसंच चिखलात ठेवायचं! याला काय म्हणावं? टॉकीजचं काम बाहेरगावच्या माणसाला गेलं. तिथला आवाज इतका घुमायचा की पुढच्या रांगांतले लोक संवाद एकमेकांना विचारत. उत्तमराव त्या टॉकीजची पायरी कधी चढले नाहीत. मामंजींनी मात्र पुढची दहा वर्षं त्या खोलीत मजेत पखवाज ऐकला.

उत्तमराव म्हातारे होऊन गेले. त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या, कार्यक्रमाला मी विहारात गेले होते. बोलणाऱ्यांपैकी एक जण सहज म्हणून गेला, "हुशार मानूस, पन वकिलाच्या घरी त्यांचा हात चुकला, न्हाईतर कुठल्या कुठं गेले असते." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उठले, माईक घेतला आणि पूजा, गोमूत्र, गोठा, माझा चहाचा ट्रे, सगळं सगळं सांगितलं. हात त्यांचा नव्हे, आमचा चुकला, असं मोठ्याने म्हटलं.

माईक ठेवून परत आले तेव्हा शांताबाईंनी सरकून मला शेजारी जागा दिली. माझा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला.

"बरं बोललाव, ताई," त्या म्हणाल्या. "पन हे त्याच दिवशी बोलायला पायजे व्हतं. तवा ऐकायला ते व्हते."