बारा इंची सवत

बरोबर चार वाजून दहा मिनिटांनी माझी अक्कल गहाण पडली. वेळ पक्की आठवते, कारण सोनूचं दूध चारला असतं आणि दहा मिनिटं उशीर झाला म्हणून माझा जीव आधीच कासावीस! त्याला कडेवर घेऊन ह्यांचा शर्ट भिजवायला गेले, तर खिशातून काय निघावं? नेलपॉलिश! लालभडक! आणि बाटली अर्धी संपलेली!

आता तुम्हीच सांगा, रेल्वेच्या तिकीट-खिडकीत बसणाऱ्या माणसाला हे कशाला लागतं? माझ्यासाठी? छे! लग्नाला तीन वर्षं झाली, साधं टिकल्यांचं पाकीट आणलं नाही कधी.

सोनूला निजवायला गेले, तर त्याची गोधडी गायब. माझ्या आईनं शिवलेली हो! झालं. नेलपॉलिश अधिक गोधडी. म्हणजे नुसती बाई नाही, बाईला बाळसुद्धा! शाळा सातवीपर्यंतच, पण ही बेरीज चुटकीसरशी केली.

त्यात शेजारच्या वहिनी जिन्यातून म्हणाल्या, "भावजी ड्यूटी संपली की रोज राजा घाटामागच्या गलीत जातात बरं का. काल बगलेत काही गुंडाळलेलं पण होतं."

मी रडत बसले असेन वाटलं? अहो, उरलेली बाटली हातापायांच्या वीसही बोटांना फासली. थेंब ठेवला नाही. तिला मिळते की काय! मग सोनूला उचललं आणि निघाले.

गलीत ज्या दाराबाहेर ह्यांच्या चपला दिसल्या, ते दार उघडंच होतं. आत हे आणि ह्यांच्या ऑर्केस्ट्रातले ढोलकवाले लल्लनभाई. मधे एक लाकडी खोकं, आणि खोक्याच्या आत चारी बाजूंनी चिकटवलेली माझी गोधडी!

"कुठंय ती?" मी ओरडले.

"कोण ती?"

"जिला नेलपॉलिश लावता, ती!"

ह्यांनी खाली बोट दाखवलं. जमिनीवर ताटाएवढा काळा स्पीकर. त्याच्या कागदाला फाट, फाटीवर पातळ कागदाचं ठिगळ, ठिगळावर लाल नेलपॉलिश.

"अगं, माझ्या बास गिटारचा स्पीकर जळला. तसला जाड आवाज पेलेल असा जुन्या बाजारात हाच मिळाला. बारा इंची, चुंबक भारी. फक्त कागद फाटलाय. नेलपॉलिशनं सांधला की फडफडत नाही, आणि गोधडीनं खोकं घुमत नाही. उद्या मंडळाच्या गणपतीत हा वाजला नाही, तर माझ्या जागी दुसरा बसेल."

"मला शिकवता? ह्याच्यात काय लपवलंय?" म्हणत मी बोट खुपसलं.

फट्!

"ई का कइलू भौजी!" हे काय केलंत वहिनी, म्हणत लल्लनभाईंनी कपाळावर हात मारला.

हे म्हणाले, "असू दे. अजून एक ठिगळ लावू. घरी कालच्या शर्टाच्या खिशात बाटली आहे, तेवढी आण."

मी हात पदराखाली लपवले. पण पायांचं काय करू? चपलेतून दहाही बोटं चमकत होती! ह्यांनी पायांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बाजाराची वाट धरली.

नवी बाटली आली. गुलाबी. मला वाटलं, आता तरी... कसलं काय! सगळी त्या काळ्या बयेलाच लागली. दुसऱ्या दिवशी मंडळात ती अशी दणाणली की हे तिच्यावरून हात फिरवत होते. माझ्यावरून कधी फिरवलाय?

पण एवढं करा. मंडळात कुणी विचारलं, स्पीकरला दोन रंगांची ठिगळं का, तर सगळ्यांना सांगून टाका: लाल ठिगळ बाजारातल्या फाटीचं, गुलाबी घरच्या बोटाचं.