मिरगातली सावली

आमच्या घरात पुस्तकाचा शब्द शेवटचा. माझे वडील, अण्णा, गवंडी. देवगाव रंगारीहून या शहरात आले ते थापी आणि ओळंबा एवढ्याच भांडवलावर. शाळा सातवीपर्यंत झालेली. कामावर ते कुणाचं ऐकून घेत नाहीत, पण 'पुस्तकात आहे' असं म्हटलं की वाद तिथंच सोडून देतात. मी भूगोलाची शिक्षिका झाले आणि त्यांच्या या सवयीचा भरपूर फायदा उठवला. खोटं कशाला सांगू?

शाळेत मला तीन वर्षं पूर्ण होत आली होती. नोकरी कायम होण्याआधी मुख्याध्यापिका माझा एक पाठ पाहणार होत्या आणि त्यावर शेरा लिहिणार होत्या. 'ऋतू का होतात' हा पाठ मी स्वतः मागून घेतला. तो मला झोपेतही शिकवता आला असता, असं माझं मत होतं. मैदानात एक सळई उभी करायची, मधल्या सुट्टीआधी, साडेबाराच्या सुमारास, मुलांना तिची सावली दाखवायची आणि मग पृथ्वीचा गोल हातात घ्यायचा, असा माझा बेत होता.

सळई उभी करून द्यायचं काम अर्थातच अण्णांचं. जूनचा मध्य होता, मृग नक्षत्र चालू होतं. आदल्या संध्याकाळी चहा पिताना मी त्यांना सांगितलं, की सावली उत्तरेला पडेल, तिकडची जागा मोकळी ठेवा.

"मिरगात नाय पडत उत्तरंला," अण्णा म्हणाले. "मिरगात दुपारची सावली दक्षिणंला जाती."

"कशावरून?"

"भाकर खायला आमी भिंतीच्या उत्तरंला बसतो. तिथं सावली असती. मिरग लागला की तिथं ऊन येतं. मग उठून पल्याड, भिंतीला पाठ लावून बसावं लागतं. इतकी वर्सं बसलोय."

मला हसू आलं, आणि मी ते लपवलंही नाही. "अण्णा, भारत उत्तर गोलार्धात आहे. सूर्य दक्षिणेला, म्हणून सावली उत्तरेला. पुस्तकात आहे. तुम्ही भिंती बघा, ऋतू माझ्याकडे सोडा."

"पुस्तकात हाय तर बराबर आसंल," ते म्हणाले आणि कप विसळायला उठले.

सकाळी कामावर जाण्याआधी त्यांनी मैदानात पुरुषभर उंचीची सळई रोवली. दोरीचा ओळंबा चारी बाजूंनी धरून ती सरळ केली, बुडाशी दगड ठोकले आणि ओळंबा माझ्या हातात दिला. "ऱ्हाऊ दे तुझ्याकडं. लागला तर लागला."

मिरग कोरडाच चालला होता, त्यामुळे ऊन लख्ख होतं. साडेबाराला मी मुलांना उत्तरेच्या बाजूला अर्धगोलात उभं केलं. मुख्याध्यापिका छत्री उघडून मागे उभ्या राहिल्या. मी सावलीच्या जागेकडे बोट केलं आणि तिथं काहीच नव्हतं.

"मॅडम, सावली तिकडं पडलीय," पुढची एक मुलगी म्हणाली. सळईच्या दक्षिणेला, अर्धी वीत, काळी कुळकुळीत.

मुख्याध्यापिका दोन पावलं पुढे आल्या. "सळई तिरकी बसलीय वाटतं," त्या समजुतीनं म्हणाल्या. मला वाचवायलाच म्हणाल्या त्या. मी नुसती मान हलवली असती तर सगळं निभावून गेलं असतं. गवंड्याचा हात चुकला, शिक्षिका सुटली. मान हलवायला मी निघालेही होते. मला आजही त्याची लाज वाटते.

पिशवीतून ओळंबा काढला. सळईच्या टोकाशी दोरी धरली आणि वजन स्थिर होऊ दिलं. मुलांना चारी बाजूंनी बघायला लावलं. दोरी आणि सळई कुठूनही बघा, एकच रेघ.

"सळई सरळ आहे," मी म्हणाले. "चुकलेय मी. कललेली आहे ती पृथ्वी."

मग मात्र मी रंगात आले. गोल उचलला, सळईला सूर्य मानलं आणि आस तिरका धरूनच तिच्याभोवती फिरले. बघा, आस एकाच दिशेला कललेला राहतो. म्हणून कधी उत्तरेचा भाग सूर्याकडे झुकतो, कधी दक्षिणेचा. जो झुकेल तिथं ऊन सरळ पडतं, दिवस लांबतो, उन्हाळा येतो. दुसऱ्या भागात तेव्हा हिवाळा. मधल्या दोन वेळा वसंत आणि शरद. एका मुलानं विचारलं, उन्हाळ्यात सूर्य जवळ येतो ना? म्हटलं, आपण सूर्याच्या सगळ्यात जवळ असतो ते जानेवारीत, आणि तेव्हा तू स्वेटर घालून येतोस.

आणि आजची सावली? या दिवसांत सूर्य कर्कवृत्ताजवळ असतो. कर्कवृत्त आपल्या उत्तरेला. म्हणजे तो आपल्या डोक्यावरून पलीकडे गेलेला. माझा नियम दिल्लीच्या माणसाला बारा महिने चालेल, आपल्याला नाही.

शेरा चांगला आला, पुढे कायमही झाले. पण त्या दिवशी घरी जाताना मला वेगळीच धास्ती होती. कारण तो नियम पुस्तकात नव्हताच. कॉलेजात परीक्षेसाठी मीच वहीत लिहिलेली ती ओळ होती, आणि तिला पुस्तक म्हणून मी अण्णांना गप्प बसवलं होतं.

हे सगळं मी त्यांना सांगितलं. माफी मागितली.

त्यांनी एकच विचारलं. "सळई सरळ व्हती ना?"

"होती. सगळ्यांसमोर ओळंबा लावून दाखवला."

ते हसले. मी माझी पाठाची टाचणवही उघडून त्यांच्यापुढे ठेवली. मधल्या सुट्टीत त्यात लिहिलं होतं, मिरगात आपल्याकडे दुपारची सावली दक्षिणेला पडते. अण्णांनी ओळीखालून बोट फिरवत ती दोनदा वाचली.

"म्हंजी आता पुस्तकात हाय?"

"हाय," मी म्हणाले.