पाकिटावर मावशीचे हात, आत साखरेची सुकेळी

मंडळी, आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय.

दुपारी बोळिंजच्या सुपरमार्केटमध्ये 'वसईची पारंपरिक सुकेळी' असं पाकीट दिसलं. वर फोटो होता, उन्हात राजेळी केळी वाळत मांडणाऱ्या दोन हातांचा. डाव्या अंगठ्यावर कोयत्याचा जुना व्रण. अहो, हे तर आमच्या भुईगावच्या रोझीमावशीचे हात! गेल्या वर्षी 'गावची कला जगाला दाखवतो' म्हणत कुणीतरी फोटो काढून नेले होते.

पाकीट घेऊन थेट मावशीकडे गेले. पाकिटामागे बारीक अक्षरांत साखर, ग्लुकोज, रंग. खरी सुकेळी नुसत्या उन्हात वाळतात, साखरेचा कणही लागत नाही. मावशीने एक तोंडात टाकलं आणि थुंकून दिलं.

"हात माजे, पन केळी माजी नाय."

कंपनीला फोन लावला. पलीकडची बाई थंडपणे म्हणाली, "मॅडम, चित्र केवळ सांकेतिक आहे."

तेवढ्यात मावशीचं दरवर्षीचं गिऱ्हाईक दारात आलं. टेबलावरचं पाकीट बघून चाचरत म्हणालं, "मावशी, तुम्हीपण आता साखर घालता?"

चाळीस वर्षं सुकेळी करणाऱ्या बाईने काय उत्तर द्यायचं, सांगा. 'माजे हात सांकेतिक हायेत' असं?