चुकेकाकांच्या तीनशे बारा चुका

ऑफिसात त्यांना सगळे चुकेकाका म्हणत, आणि त्यात गंमत कमी, हिणवणंच जास्त होतं. काम होतंच तसं. लिस्प या प्रोग्रामिंग भाषेचा कंपायलर, म्हणजे प्रोग्राम तपासून यंत्राच्या भाषेत उतरवणारं सॉफ्टवेअर, चुका पकडतो का हे बघायला ते मुद्दाम चुकीचे प्रोग्राम लिहीत. कुठे शेवटचा कंस गाळलेला, कुठे कधीच न सांगितलेलं नाव घुसडलेलं. मग चाचणी घेणारी त्यांची शेल स्क्रिप्ट एकेक प्रोग्राम कंपायलरच्या गळी उतरवी आणि तो ओरडतो का ते बघे. चूक मोठी असेल तर त्याने एरर देऊन थांबायचं, बारीक असेल तर वॉर्निंग देऊन पुढे जायचं. ओरडला तर पास, गप्प बसला तर नापास. चौदा वर्षांत अशा तीनशे बारा चुका काकांनी जिवापाड जपल्या होत्या.

नव्या साहेबांच्या मात्र काका डोळ्यांत खुपत. निवृत्तीला दोनच वर्षं उरलीत आणि पूर्ण पेन्शन त्यावरच अडलीय, हे साहेबांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी भर मीटिंगमध्ये काकांचे प्रोग्राम पडद्यावर लावले.

"काय हो काका, चौदा वर्षांत एक तरी धड लिहिलात?"

सगळे खो खो हसले. काकांच्या हाताखाली काम शिकलेला शेजारच्या टेबलावरचा इंजिनिअर सगळ्यांत मोठ्याने.

"साहेब, ते चुकीचेच असायला हवेत. म्हणून तर—"

"शुक्रवारपर्यंत सगळे दुरुस्त करा. आणि स्क्रिप्टला हात लावायचा नाही."

काकांना डाव कळला होता. पण घरी बायको म्हणाली, "अहो, म्हणतात तसं करून टाका ना. दोन वर्षं तोंड मिटून काढा कशीबशी." काकांनी तोंड मिटलं. चार दिवस ते सुटलेले कंस लावत बसले. चांगला धडधाकट प्रोग्राम तयार झाला की त्यांना रडू येई.

शुक्रवारी साहेबांनी स्क्रिप्ट चालवली. कंपायलरला ओरडण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तीनशे बारा नापास.

"घ्या! दुरुस्त करायला सांगितलं, तर यांनी होतं तेही घालवलं," साहेब म्हणाले. कामावरून काढल्याचं पत्र तयारच होतं. नापासांची यादी त्याला टाचली आणि काकांपुढे सरकवली. सही करण्याआधी काकांनी चष्मा पुसला, तर मागे कुणीतरी त्याचीही नक्कल केली.

काका अजून दारापर्यंतही पोचले नव्हते, तोच साहेब त्या इंजिनिअरला म्हणाले, "यांच्या जुन्या फायली बॅकअपमधून परत आण रे. सोमवारी कंपायलर रिलीज करायचाय, टेस्ट त्या फायलींवरच घ्यायच्यात."