हात दिसले पाहिजेत

भिंगवालीच्या वाटेला जाऊ नये, असं तिच्या कारखान्यात नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतात. चष्म्याच्या काचा घासायचं काम तिचं. यंत्राची घरघर दिवसभर चालू असते. बाकीचे कानात बोळे घालून बसतात, हिला त्याची गरज नाही. जन्मापासूनच ऐकू येत नाही. मालकानं एकदा ओरखडा पडलेली काच 'चालतंय की' म्हणून पुढे ढकलली, तेव्हा तिनं ती परत आणून त्याच्याच डोळ्यांसमोर धरली आणि तो कबूल होईपर्यंत हात खाली घेतला नाही. अशी ही बाई. अडून बसली की बसली.

तिची आई दूरच्या गावी एकटी राहते. तिलाही ऐकू येत नाही, आणि अक्षरओळख तर मुळीच नाही. तिच्या काळी अशा मुलींना शाळेत घेत होतं कोण? त्यामुळे निरोप लिहून पाठवायची सोय नाही. मायलेकींचं सगळं बोलणं हातांनी, व्हिडिओवर. आईच्या घरी फोन आला की भिंतीवरचा दिवा उघडझाप करतो, म्हातारी खुर्ची ओढून बसते, आणि मग शेजारणीच्या सुनेपासून स्वतःच्या गुडघ्यापर्यंत सगळ्यांची हजेरी घेतली जाते.

मग फोन कंपनीला नसती बुद्धी सुचली. नियम असा होता की इंटरनेटवरून काहीही जावो, कंपनीनं सगळ्याला सारखीच वाट द्यायची. एकाला पळवायचं आणि दुसऱ्याला रखडवायचं, असं चालणार नाही. कंपनीच्या डोळ्यांत हा नियम खुपत होता. 'करून तर बघू' म्हणत तिनं काही गावांपुरती सूट मिळवली, आणि त्यात नेमकं आईचं गाव आलं. कंपनीचं स्वतःचं ॲप सुसाट, बाकीची मुंगीच्या पावलांनी. भिंगवाली वापरायची ते ॲप छोटंसं, तिच्यासारख्याच ऐकू न येणाऱ्या मंडळींनी बनवलेलं. त्यात माणूस कमरेपर्यंत दिसतो. तेच आता अडखळायला लागलं. आईचा हात वर गेला की वरच राहायचा, आणि हलायचा तेव्हा मधलं सगळं बोलणं गिळून हलायचा.

दोघींनी बरेच दिवस रेटलं. शेवटी एका संध्याकाळी आई एकेक खूण थांबून थांबून करत म्हणाली, "आता नको करूस फोन. तुझे हात असे तुटलेले मला बघवत नाहीत." त्यानंतर तिकडचा दिवा कितीही लुकलुकला तरी म्हातारीनं फोन घेतला नाही.

भिंगवाली पोटभर रडली, आणि रडून झाल्यावर तिला जो राग आला तो काही उतरेना.

हा नियम सगळीकडूनच काढून टाकायचा का, यावर फोन-इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या सरकारी आयोगाची जाहीर सुनावणी होती. कुणालाही येऊन बोलता येणार होतं. तिनं जायचं ठरवलं आणि वहिनीला धरलं. वहिनी म्हणजे भावाची बायको. नणंदेशी भांडता यावं म्हणून आपण खुणा शिकलो, असं ती स्वतःच सांगते.

"लेखी पाठव ना," वहिनी म्हणाली. "एवढ्या लोकांत कशाला?"

"आईला लिहिता येत नाही. मग तिचं म्हणणं मी लिहून का देऊ?"

"बरं बाई. तू हात हलव, मी बोलते. पण जरा गोड करून सांगेन हं."

"जसंच्या तसं सांगायचं. मला ओठ वाचता येतात."

सुनावणीच्या दालनात कंपनीचा टायवाला आधी उभा राहिला. बोलणं कसं, लोण्यात सुरी फिरावी तसं. त्यानं भिंतीवर चित्रं दाखवायला घेतली आणि कुणीतरी दिवे मालवले. झालं. अंधारात वहिनीचे हात दिसेनात. भिंगवालीपुरती सुनावणी तिथेच संपली. ती उठली, चाचपडत भिंतीशी गेली आणि बटणं सापडताच दिवे लावले, मालवले, लावले, मालवले. त्यांच्या घरांत माणसाला हाक मारायची तर अशीच मारतात, त्यात उद्धटपणा काही नाही. पण हे लोकांना कुठलं ठाऊक? पहारेकरी धावत आला. वहिनीनं कपाळावर हात मारला.

"वीज गेलेली नाही," ती उभी राहून म्हणाली. "आमच्या वन्संना बोलायचंय."

आयोगाच्या अध्यक्षबाईंनी दोघींकडे पाहिलं. "दिवे चालूच राहू द्या," त्या म्हणाल्या. "बोला."

भिंगवालीनं हातचं काही राखून न ठेवता सांगितलं: आई, गाव, वर जाऊन अडकणारा हात, न उचललेला फोन. टायवाल्यानं मान हलवली. "ताईंची अडचण आम्ही समजू शकतो. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना आमचं ॲप कायमचं फुकट देऊ. मग तर झालं?"

दालनात 'वा, वा' झालं. वहिनीनं हे खुणांनी सांगितलं आणि स्वतःचंही जोडलं, "घे गं. पदरात पडलं नि पवित्र झालं. आई परत मिळेल."

आई परत मिळेल, याहून भिंगवालीला दुसरं हवं तरी काय होतं? मग तिनं उत्तर दिलं. ते बोलून दाखवायचं सोडून वहिनी पदर सारखा करायला लागली. भिंगवालीनं तिच्या ओठांकडे बोट दाखवलं.

"त्या म्हणतायत," वहिनी हळूच म्हणाली, "भीक नको पण कुत्रं आवर."

मागच्या रांगा हसल्या. भिंगवाली हसली नाही. "आज देणारा उद्या काढूनही घेतो. आणि माझ्या माणसांनी बनवलेलं ते रखडून मेलं तर मी जाऊ कुठे? मला फुकट नको, वाट सारखी हवी. आणि तुमचं ॲप एवढं चांगलं ना? मग लावा आत्ता, माझ्या आईला."

टायवाला खूशच झाला. गावातल्या एकूण एक फोनमध्ये कंपनीनं ते न विचारताच घातलं होतं. भिंगवालीला मात्र वेगळीच काळजी. म्हातारी उचलेल की नाही?

उचलला. समोरच्या भिंतीवर आईचा चेहरा आला, सुरकुती न् सुरकुती दिसेल इतका स्वच्छ. पण ते ॲप तोंडानं बोलणाऱ्यांसाठी केलेलं. चेहरा सोडून जे हलेल ते त्याच्या लेखी मागचा पसारा, आणि तो ते पुसून टाकायचं. आईचे खांदे हलत होते, भुवया चढत होत्या, आणि हातांच्या जागी नुसतं करडं धुकं.

"काय म्हणतायत त्या?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

वहिनीनं भिंतीकडे बोट दाखवलं. "काय सांगू बाई? हातच पुसलेत हो त्यांचे."

टायवाल्यानं इकडे दाबलं, तिकडे दाबलं. आता मागच्या रांगाही हसत नव्हत्या. भिंगवालीनं आईला उत्तर द्यायला हात उचलले, आणि आपलेही तिकडे दिसत नसणार हे आठवून ती तशीच उभी राहिली. मग अध्यक्षबाईंकडे वळून तिनं एवढंच सांगितलं, "हे फुकट आहे." वहिनीनं ते शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असं मोठ्यानं सांगितलं.

निकाल काही लगेच लागला नाही. सरकारी काम ते. तोवर भिंगवाली सुटीच्या दिवशी आयोगाच्या कचेरीत जाऊन बसायची. पहारेकरी तिला बघून आपणहून दिवे लावायला लागला. अखेर नियम राहिला, आणि गावांपुरती सूटही रद्द झाली.

त्या संध्याकाळी तिनं आपल्या जुन्या ॲपवरून फोन लावला. बराच वेळ कुणी आलं नाही. मग खुर्ची ओढली गेली आणि आई दिसली, कमरेपर्यंत, दोन्ही हातांसकट. तिनं एक हात वर नेला, खाली आणला, पुन्हा नेला. अडकला नाही.

"त्या दिवशी भिंतीवर तू काय म्हणत होतीस?" भिंगवालीनं विचारलं.

"रागवत होते," आई म्हणाली. "नको म्हटलं होतं, तरी फोन कशाला केलास म्हणून." तिचे हात जरा मांडीवर टेकले आणि पुन्हा उठले. "मग म्हटलं, आता केलाच आहेस तर ठेवू नकोस."