रामाकोन्याच्या ताईनं क्योतोत पाहिलेली वसंताची पहिली सकाळ

बायकोला बोर्डाच्या परीक्षेची ड्युटी लागली आणि म्हणून माझी ताई जपानला गेली. खरं कारण एवढंच आहे.

माझी मुलगी मुग्धा ओसाकाला नोकरी करते. दोन वर्षांपासून तिचं एकच पालुपद चालू होतं: बाबा, फेब्रुवारीत या. साकुराच्या फुलांसाठी सगळं जग एप्रिलमध्ये येऊन आदळतं, राहण्याचे भाव चढतात, फोटोत फुलांपेक्षा डोकी जास्त येतात. फेब्रुवारीच्या सुरुवातीला क्योतोत त्यांच्या जुन्या पंचांगाचा वसंत येतो, सण असतात आणि गर्दी बेताची. माझं पांढुर्ण्यात मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतकऱ्यांच्या मोटरी जळायला मार्चनंतर सुरुवात होते, म्हणजे फेब्रुवारीत मी रिकामाच. बायको मात्र शाळेत अडकली. तीच म्हणाली, सुमनताईंना घेऊन जा.

सुमनताई म्हणजे माझी मोठी बहीण, वय एकसष्ट. रामाकोन्याला तिचा संत्र्याचा बगीचा आहे. भाऊजी गेल्यापासून तीच सांभाळते, आणि सांभाळायची ती आवाजावर. शेताच्या या धुऱ्यावरून हाक मारली की त्या धुऱ्यावरच्या बाया विळे उचलत. संत्र्यावर माकडं उतरली की तिच्या एका आरोळीत टोळी नाल्यापलीकडे. गोफण नाही, फटाका नाही. मारुतीचं लेकरू आहे, मारायचं नाही, हाकलायचं, असं तिचं म्हणणं.

दीड वर्षापूर्वी तिच्या गळ्यातली गाठ काढली. ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टर म्हणाले, आवाजाला धक्का नाही, थोडा जाड होईल, बोलत राहा. पण बगीच्यात पहिली हाक मारली तेव्हा असा काही खरखरीत आवाज निघाला की बाया तोंडाला पदर लावून हसल्या. बस. त्या दिवसापासून ताई कुजबुजायला लागली. मजुरांना हातवारे, घरात खाणाखुणा, फोन तर घ्यायचाच नाही. मजूर ऐकेनात, माकडांना मोकळं रान. शेवटी तिनं ठरवलं, यंदाच्या आंबिया बहाराचा फुलोरा धरला की बगीचा पलीकडच्या गावच्या शामरावांना बटईनं, म्हणजे वाट्यानं कसायला, देऊन टाकायचा. जी बाई त्या झाडांना नावानं ओळखते, ती झाडं सोडायला निघाली होती. मला ते खुपत होतं, पण आमच्या ताईला समजावणं म्हणजे गाढवापुढे वाचली गीता, फक्त गाढव मी.

जपानचं विचारलं तर पटकन हो म्हणाली. कारण विचारलं तर माझ्या कानाशी येऊन म्हणे, "तिथं मले कोनाशी बोलाच नाही लागत."

निघायच्या आधल्या शनिवारी जामसांवलीला मारुतीचं दर्शन घेतलं. तिनं काय मागितलं ते सांगितलं नाही. मी काय मागितलं ते तुम्हाला कळलंच असेल.

आता कामाचं. पांढुर्ण्याहून रेल्वेनं नागपूर, तिथून विमानानं दिल्ली, पुढे वाटेत एकदा विमान बदलून ओसाका. व्हिसा एजंटमार्फत केला, कागदपत्रं नीट असली तर त्रास नाही. ओसाका विमानतळावरून क्योतो रेल्वेनं सव्वा तासावर आहे. थंडी आपल्या डिसेंबरपेक्षा चांगली दुप्पट, आतून गरम कपडे घालाच. शाकाहारी असाल तर जवसाची चटणी, दशम्या, शेव भरून न्या, कारण तिथे साध्या वरणासारख्या दिसणाऱ्या सारातही मासळी असते. आराशियामा भागात मात्र गरम पाण्यातलं तोफू, म्हणजे सोयाबीनचं पनीर, मिळतं. पाण्यात मासळी नाही ना, एवढं विचारून घ्या. ताईनं एक घास खाल्ला, पिशवीतून जवसाची चटणी काढली, तोफूवर पसरली आणि वाढणाऱ्या मुलीलाही चाखायला दिली. ती बिचारी नाकातोंडातून पाणी काढत वाकून वाकून धन्यवाद देत राहिली.

मुक्काम त्याच आराशियामाच्या डोंगराच्या पायथ्याशी, ओगावाबाईंच्या लाकडी घरात. बाई पंचाहत्तरीच्या, एकट्या, वरच्या दोन खोल्या पाहुण्यांना देतात. हॉटेलपेक्षा स्वस्त, आणि खाली उतरलं की समोर अंगण. अंगणात एक मोठं झाड, त्याला पिवळी धमक फळं. ताईनं सामान ठेवायच्या आधी झाड पाहिलं. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत पाहिलं, एक पान चुरगाळून हुंगलं आणि मान हलवली. त्या मानेचा अर्थ, छाटणी बरोबर नाही.

दुसऱ्या दिवशी सेत्सुबुन. म्हणजे हिवाळ्याचा शेवटचा दिवस. उद्या वसंत लागणार, तर आज घरातली, मनातली, गावातली भुतं भाजलेल्या दाण्यांनी हाकलून लावायची. दाणे कशाचे, तर सोयाबीनचे. आपण जे ट्रॉलीनं मंडीत ओतून येतो, ते तिथे देवळात पुजून वाटतात. आपल्याकडे पोळ्याच्या पाडव्याला "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणून ओरडत गावाबाहेर जातो ना, भाव तोच. मी मुग्धाला म्हटलं, अरे, हे तर आपलेच लोक आहेत.

त्या दिवशी रविवार नव्हता, पण मुग्धानं सुटी काढली होती. दुपारी तिनं एका देवळात नेलं. उंच मांडवावरून पुजारी दाण्यांच्या पुड्या गर्दीत उधळतात आणि लोक हात वर करून झेलतात. मिळाली की वर्ष चांगलं. पहिली मूठ सुटली, शेकडो हात वर गेले आणि मी डोक्यावर दोन्ही हात घेऊन खाली बसलो. काय करणार? पांढुर्ण्याचा माणूस. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर दोन काठांवरून एकमेकांवर उडणारे गोटमारीचे दगड पाहत वाढलेलो, वरून काही आलं की आधी टाळू वाचवायची. आजूबाजूचे जपानी लोक घाबरले, एकानं पाण्याची बाटली पुढे केली. मुग्धा लाजून दोन पावलं दूर उभी राहिली. ताई हसली, पण तोंडावर हात ठेवून, आवाज न करता. आणि माझ्या पाठीवर पडलेली पुडी तिनंच उचलली.

संध्याकाळी ओगावाबाईंनी जेवायला बोलावलं. सेत्सुबुनला भाताची लांबलचक गुंडाळी करतात, काकडी आणि भोपळा घालून आमच्यासाठी वेगळी केली होती. नियम असा: त्या वर्षीच्या शुभ दिशेला तोंड करून बसायचं आणि अख्खी गुंडाळी संपेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. मुग्धानं हे सांगितलं तेव्हा ताईचा चेहरा उजळला. हा सण जणू हिच्यासाठीच काढला होता. मी तीनदा बोललो, मुग्धा दोनदा हसली, ताईनं मात्र शेवटचा घास गिळेपर्यंत हूं की चूं केलं नाही. ओगावाबाईंनी तिच्यापुढे मान लववली.

मग दार उघडून दाणे बाहेर फेकायचे आणि ओरडायचं, "ओनी वा सोतो, फुकु वा उची." भूत बाहेर, भाग्य आत. ओगावाबाईंचा आवाज म्हणजे फाटक्या पत्र्यावर चमचा घासावा तसा, पण त्या प्रत्येक दाराशी, प्रत्येक खिडकीशी बिनधास्त ओरडल्या. मुग्धा ओरडली, मीही ओरडलो. ताईच्या हातात दाणे दिले. मी श्वास धरून उभा. ओठ हलले, दाणे फेकले, आवाज नाही. मला वाईट वाटलं, आणि रागही आला. एवढ्या लांब येऊन, कोणी ओळखीचं नसताना, एक आरोळी देता येत नाही का? शेवटी वयाइतके आणि वर एक असे दाणे मोजून खायचे असतात. तिनं बासष्ट दाणे मुकाट्यानं चावले. मुग्धा रात्रीच्या गाडीनं ओसाकाला परत गेली.

दुसरी सकाळ, त्यांच्या पंचांगानं वसंताची पहिली. ऊन कोवळं, छपरावर हिम. मी खाली अंगणात चहाचा कप घेऊन बसलो होतो, ताई वरच्या खिडकीत टॉवेल वाळत घालत होती. तेवढ्यात डोंगरावरून माकडं उतरली. लालभडक तोंडाची, शेपूट जवळजवळ नाहीच, अंगावर घोंगडी घातल्यासारखी केसाळ. सात-आठ असतील. सरळ त्या पिवळ्या फळांच्या झाडावर. ओगावाबाई घमेल्यावर पळी बडवत धावल्या. माकडांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. एकानं फळ तोडलं, एक चावा घेतला, टाकून दिलं आणि दुसरं तोडलं.

अर्धं खाऊन टाकून दिलेलं फळ. ज्यानं बगीचा केला त्यालाच कळेल ते पाहून काय होतं.

"हाऽऽऽड! हुर्रऽऽ हाड हाड हाऽऽऽड!"

माझ्या हातातला कप पडला. वरच्या खिडकीतून आलेला तो आवाज जुना नव्हता. जुना बारीक होता, धारदार. हा जाड, घोगरा, छातीतून निघालेला, आणि जुन्यापेक्षा दीडपट मोठा. माकडं जागच्या जागी थिजली आणि मग एकमेकांवर पडत झडत कुंपणापलीकडे गेली. शेजारचे गृहस्थ दात घासायचा ब्रश तोंडात घेऊन बाहेर आले.

ताई खिडकीत गळ्याला हात लावून उभी होती. मी दुकानदार माणूस, सहसा रडत नाही, पण तेव्हा ढसाढसा रडलो.

"हासू नको बंडू," ती वरून म्हणाली. कुजबुजत नाही, चांगलं मोठ्यानं.

"नाही हासून राहिलो, ताई."

तिनं अंगणभर नजर फिरवली. "एक बसून हाय अजून, त्या भितीच्या मागं."

पहिली आरोळी तिच्या तोंडून सुटून गेली होती. ही दुसरी तिनं पदर खोचून, श्वास भरून, जाणूनबुजून दिली. भिंतीमागचं माकड गेलंच, मला वाटतं त्या डोंगरावरची उरलेलीही पलीकडच्या जिल्ह्यात गेली असतील.

ओगावाबाईंनी मुग्धाला फोन लावला आणि भरभर काही बोलल्या. मुग्धानं मराठीत सांगितलं, त्या विचारताहेत, आत्या अजून किती दिवस राहणार? मग बाईंनी झाडावरचं फळ कापून दिलं. ताईनं खाल्लं आणि निकाल दिला, साल जाड, रस आंबट, आपल्याकडं हे जंभेरी लिंबात जमा. पण छाटणी करून देते म्हणाली, आणि दुपारपर्यंत दिलीसुद्धा.

पुढचे दिवस तर विचारू नका. कितानोच्या मोठ्या देवळात उमेची, म्हणजे तिथल्या आलुबुखाऱ्याची, झाडं फुलायला लागली होती, नागड्या काळ्या फांद्यांवर पांढरी आणि गुलाबी फुलं. पूर्ण बहार हवा असेल तर फेब्रुवारीच्या अखेरीला जा, आम्हाला लवकरचीच झाडं मिळाली. ताईनं गर्दीच्या पलीकडून "बंडूऽऽ, इकडं ये, ह्याच्यावर कलम हाय" अशी हाक मारली, तेव्हा पाच-पंचवीस माणसं वळली. क्योतोच्या बसमध्ये दोनशे तीस येन देऊन कुठेही जा, पण बोलायचं हळू, असा रिवाज. दीड वर्ष जिला बोल बोल म्हणून विनवलं, तिला मी बसमध्ये गप्प बस म्हणत होतो.

परतायच्या आधी फुशिमीच्या डोंगरावरचा हात्सुउमा पाहिला, फेब्रुवारीतल्या पहिल्या घोड्याच्या दिवसाचा सण. तारीख दरवर्षी बदलते, बघून जा. शेंदरी कमानींच्या बोळातून वर चढायचं, प्रवेश फुकट, वरपर्यंत जाऊन यायला दोन-तीन तास. देवदारासारखी हिरवी डहाळी प्रसाद म्हणून मिळते, तिचे मात्र पैसे पडतात. माझे गुडघे अर्ध्यात बोलू लागले. ताई प्रत्येक वळणावर पुढे जाऊन हाक द्यायची, आणि मी त्या हाकेच्या मागे मागे शिखरावर पोचलो. जपान मला तिथेच जिंकल्यासारखं वाटलं.

घरी येऊन महिना झाला. लोक विचारतात, एवढा खर्च केला, काय मिळालं? कमानींचे फोटो मोबाईलमध्ये आहेत, उमेचा वास तर विसरायलाही लागलो. जपानी एकही वाक्य आलं नाही. पण मला कोणी पुन्हा विचारलं तर मी पुन्हा एवढाच खर्च करीन, आणि पुन्हा फेब्रुवारीतच जाईन.

परवा रविवारी ताईनं बगीच्यात बोलावलं होतं. शामरावांनाही निरोप होता, बटईचं पक्कं करायला या. आम्ही दोघं फाटकाशी मोटरसायकली लावून उभे. आंबिया बहाराचा वास नाकात बसला होता. ताई दिसेना. मग पार नाल्याकडच्या शेवटच्या ओळीतून, दोन एकर ओलांडून, आवाज आला.

"शामराऽऽव जी! बगीचा नाही देत मी! मीच करतो औंदा!"

कामावरच्या बाया हातातलं टाकून उभ्या राहिल्या. कोणी हसलं नाही. शामराव मला म्हणाले, "भाऊ, हे त्याईनं फोनवर सांगतलं असतं तरी चाललं असतं. मले इतक्या दूर कायले बलावलं?"

मी म्हटलं, "फोनवर एवढ्या जोरानं सांगता आलं नसतं ना तिले."